ओवीचे सर्व हक्क

माझ्या ओवीत माझं नाव राहावं, एवढीच माझी अपेक्षा होती. नाथसागर धरण उचलून पुंडलिकनगरात आणून ठेवा, असं काही मी म्हटलं नव्हतं. तरी या एका अपेक्षेपायी आमच्या सोसायटीच्या टाक्या आठवडाभर कोरड्या राहिल्या, अध्यक्ष व्यंकटरावांनी जिन्यात मला रामराम घालणं सोडलं आणि सख्ख्या मुलीनं तोंडावर सांगितलं, "बाबा, तुम्ही कशातच मिसळत नाही." भरल्या घरात आणि तेही जेवताना!

साल दुष्काळाचं होतं. धरण तळाला गेलेलं. शहर मात्र असं फुगत होतं की सकाळी फिरायला जाताना पाहिलेलं बाजरीचं रान संध्याकाळी परत येताना 'टू बीएचके' होऊन उभं. माणसं वाढली, मजले वाढले, नळ तेवढा जुना राहिला. पाणी यायचं आठवड्यातून एकदा, आणि नेमकं कधी, ते पाण्यालाच ठाऊक. सासुरवाशिणीनं पंचमीला मुराळ्याची वाट पाहावी, तशी अख्खी कॉलनी नळाकडे डोळे लावून बसायची. फरक इतकाच, की मुराळी येताना निदान चोळीचा खण तरी आणतो. नळ आधी नुसताच सुसकारा टाकतो, मग खाकरतो, मग थोडी तांबडी गुळणी टाकतो आणि तोवर तुम्ही जागे नसलात तर गुपचूप निघून जातो.

त्या सुसकाऱ्यावर माझ्या मुलीनं, चारुतानं, एक अ‍ॅप बनवलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरूनच काम करते, म्हणजे तिच्या खोलीचं दार बंद असतं आणि आम्ही हळू बोलतो. नळाच्या पाइपाला सुपारीएवढं यंत्र बांधायचं. ते कान लावून बसतं. पाइपात हवा हलली, की फोन वाजतो. अ‍ॅपचं नाव 'घागर'. नाव मीच सुचवलं होतं.

फोन वाजायचा, पण कसा? 'टिंग'! गंगा दारी येते आणि तिचं स्वागत टिंग? मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. जात्याच्या घरघरीत वाढलेल्या ओव्या गावोगाव फिरून कानात साठवल्यात. मला ते टिंग सोसवेना. एका दुपारी मी ओवी रचली :

जागी हो गं बाई, नळाला फुटला कंठ
विश्वजित म्हणे, घागर भर काठोकाठ

विश्वजित म्हणजे मी. मीनाक्षीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, ती फोनवर गाऊन दिली. तिचा आवाज असा लागला, की क्षणभर स्वयंपाकघरातला कोरडा नळही ओला झाल्यासारखा वाटला.

"छान आहे, बाबा," चारुता म्हणाली. "आत घालते. परवाना कुठला लावू?"

"ओवीला परवाना? ती काय बंदूक आहे?"

"कोणी वापरावी, बदलावी, पुढे द्यावी, ते सांगावं लागतं."

"मग पुस्तकात असतं तेच लाव. सर्व हक्क कवीच्या स्वाधीन."

तिनं कपाळाला हात लावला. पोटच्या पोरीनं कवीच्या हक्कांवर कपाळाला हात लावावा!

मग तिनं मला समजावलं. 'घागर' तिनं सगळी स्वतः घडवलेली नाही. जगात मुक्त सॉफ्टवेअर नावाचा एक उदार गाव आहे, तिथून दोन भाग आणलेत. पहिला भाग घंटेचा. तो कुणा परदेशी गृहस्थानं, आपल्या कुत्र्याला वेळेवर औषध द्यायची आठवण राहावी, म्हणून केला. त्याचं म्हणणं साधं : घ्या, बदला, विका, वाटलं तर कुलपात ठेवा, फक्त माझं नाव पुसू नका आणि बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. दुसरा भाग कानाचा, पाण्याची चाहूल ओळखणारा. तो आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातल्या एका बाईनं कालव्यांसाठी लिहिला. तिची अट मात्र खमकी : घ्या, बदला, विकाही, पण ज्याला द्याल त्याला आतली सगळी रचना द्या, त्यानं ती पुढे दिली तर अडवू नका, आणि यात जे जे शिवाल त्या सगळ्याला हीच अट. याला म्हणे कॉपीलेफ्ट म्हणतात.

"फुकट देऊन वर अट?" मी म्हणालो.

"अट आहे म्हणून तर फुकट राहतं."

"मग त्या कुत्रेवाल्याचं आणि हिचं जमतं कसं?"

"त्याचा भाग तिच्यात जातो. तिचा त्याच्यात जात नाही."

हे ऐकून मला पाइपात हवा भरल्यासारखं झालं. तेव्हा कांदा चिरता चिरता मीनाक्षी म्हणाली, "अहो, सोपं आहे. घंटा म्हणजे दूध. दुधाचं काहीही करा, खीर करा, चहात घाला. तो कान म्हणजे विरजण. चमचाभर पडलं की पातेलंभर दही. मग दह्यातून दूध परत मागायला जायचं नाही."

"आणि माझी ओवी?"

"ती लिंबू. पडली की नासलं."

पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या कवितेवर तिनं केलेली ही पहिली समीक्षा.

चारुता म्हणाली, ठरेपर्यंत ओवी आपल्या घरच्याच फोनांवर ठेवू, बाहेर द्यायची नाही. पण ओवी घरात राहिली असती तर ती ओवी कसली? मीनाक्षीनं कौतुकानं शेजारच्या द्वारकाबाईंना दिली, द्वारकाबाईंनी जिन्यात वाटली, आणि पुढच्या पाण्याला अख्ख्या सोसायटीतून 'विश्वजित म्हणे' असा गजर उठला. मी गॅलरीत उभा राहून तो ऐकला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पाणी भरलं मीनाक्षीनं. मी भरून पावत होतो.

नेमक्या त्याच सुमारास चारुतानं मला अ‍ॅपमधलं मराठी तपासायचं काम दिलं. कॉम्प्युटरवर जिथं सगळा प्रोग्राम ठेवलाय, तिथली किल्लीही दिली. तिथं मला ते दोन्ही परवाने दिसले. लांबच लांब इंग्रजी, ना यती ना यमक. मनात आलं, आपली माणसं हे कशी वाचणार? मी कंबर कसली. कान देणाऱ्या बाईंच्या अटींची मी ओवी केली :

घ्यावे, वापरावे, उसवावे, शिवावे
सुखे पुढे द्यावे, घेतले तैसे

आधी मी 'अवश्य पुढे द्यावे' असं लिहिलं होतं. पण 'अवश्य' तिथं लंगडत होतं. 'सुखे' घातलं आणि ओळ कशी हरणीसारखी पळाली! इंग्रजी काढून टाकलं, ओवी ठेवली आणि समाधानानं झोपलो.

आता ज्ञानेश्वरी. चारुताची कॉलेजातली मैत्रीण, आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्या घरची मंडळी मेंढरांमागे फिरता फिरता शहराच्या कडेला थांबली आणि शहरच पुढं येऊन त्यांच्या भोवती बसलं. भाऊ मल्हारी अजून मेंढरं राखतो. त्या उन्हाळ्यात तो कळप घेऊन गोदाकाठाला गेलेला. आई मंजुळाबाई बांधकामावर जाते. त्यांच्या गल्लीत ना मोटार, ना गच्चीवर टाकी. पाणी आलं तेव्हा घरी असाल तर तुमचं, नसाल तर गटाराचं. म्हणून पाण्याच्या आशेनं मंजुळाबाई कामाला दांडी मारून उंबऱ्यात बसायची, आणि पाणी यायचं ती कंटाळून कामाला गेल्यावर.

ज्ञानेश्वरी आमच्याकडे आली ती थेट मुद्द्यावर. "काका, घागर माझ्या बी फोनवर आली, लई भारी वाजती. पर ती तुमच्या नळाची. आमचा नळ दुसऱ्या फाट्यावर हाय. तुमच्याकडं आलं म्हणून आमच्याकडं येत नाय. आतली रचना द्या, यंत्र मी बनवते, आमच्या नळाला बांधते. आईची मजुरी तरी वाचंल."

चारुता म्हणाली, "द्यायलाच पाहिजे. परवान्यातच आहे," आणि दाखवायला म्हणून तिनं तो उघडला.

तिनं तो एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळली.

"बाबा. हे 'सुखे' काय आहे?"

"सुखे म्हणजे आनंदानं. 'अवश्य' वृत्तात बसेना."

"ती अट आहे, बाबा! तुम्ही अटीची इच्छा करून टाकली! आणि त्या मजकुरातला एक शब्दही बदलता येत नाही. वर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं."

"कसं शक्य आहे? तोच तर म्हणतो, सगळं बदला."

"सगळं. त्याला सोडून."

मी आजवर पुष्कळ गर्विष्ठ लेखक पाहिले. पण 'माझं सगळं घर उसवा, दारावरची पाटी मात्र तशीच ठेवा' म्हणणारा हा पहिलाच.

चारुता तत्त्वाची पक्की. हा गुण कुठून आला, कोण जाणे. म्हणाली, "मूळ परवाना मी परत जागेवर ठेवते. पण तुमची 'हक्क राखीव' ओवी आत शिवलेली असताना हे मिश्रण कुणालाच देता येत नाही. ज्ञानूला नाही, सोसायटीलाही नाही. एक तर ओवी मोकळी करा, नाही तर उसवते."

"उसवायची नाही," मी म्हणालो. "आणि नावाला हात लावायचा नाही."

"मग घागर बंद."

आणि खरंच तिनं पाइपाचं यंत्र सोडून ठेवलं, घागर बंद. ज्ञानेश्वरी चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "काका, दोन ओळींपायी?" मला ते फार लागलं. जात्यावरच्या ओवीला दोनच ओळी असतात!

त्यानंतर पाणी आलं. सुसकारा टाकून, खाकरून, गुळणी करून, कुणालाही न उठवता गेलं. पूर्वी माणसं निदान आळीपाळीनं जागायची. घागर आल्यापासून सगळे निवांत झोपायला शिकलेले. सकाळी जिन्यात रिकाम्या बादल्यांची परिषद भरली. द्वारकाबाई म्हणाल्या, "सर, कविता दिवाळी अंकात लिहायच्या असतात, नळात नव्हे." तळमजल्याच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, की नाव लहान करा, नुसतं 'वि. म्हणे' ठेवा. मोतीराम वॉचमन म्हणाला, त्याच्या मेव्हण्याचा टँकर आहे, आणि त्याच्यावर कसलीच ओवी नाही.

व्यंकटराव खालच्या हौदावर उभे राहून गरजले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. हुद्दा गेला, पण आवाज निवृत्त झालेला नाही. "एक परवाना मोकळा, एक अटीचा, एक राखीव! हा काय बाजार आहे? सगळं सोसायटीच्या नावावर करून टाका, स्टॅम्प पेपरवर. आणि मागच्या गल्लीला काही द्यायचं नाही. ते यंत्र लावणार, मग उद्या पाइपाला चावी बसवणार, परवा मोटारी! प्रेशर उरेल का वरच्या मजल्याला?" वरच्या मजल्याला ते स्वतः राहतात.

स्टॅम्प पेपर करायला मी आणि व्यंकटराव रिक्षानं क्रांती चौकाकडे निघालो. नवी पाइपलाइन टाकायची म्हणून रस्ता असा उकरलेला, की रिक्षा गल्लीबोळांतून फिरून फिरून पुन्हा आमच्याच कॉलनीपाशी येते की काय, अशी भीती. रिक्षावाला म्हणाला, "सडक खोद के पाइप डालरै सर, पानी कब डालते कि!"

एका झाडाखाली टेबल टाकून नोटरी बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हक्क देणार कोण?"

"एक परदेशी बाई. कालव्यांवर काम करते," मी म्हणालो.

"हजर आहेत?"

"नाहीत."

"आधार कार्ड?"

"त्यांना नसावं."

"दुसरे कोण?"

"एक गृहस्थ. त्यांचंही नाही. त्यांनी कुत्र्यासाठी घंटा..."

"कुत्रा साक्षीला चालणार नाही," नोटरी गंभीरपणे म्हणाले. मग मी सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पण त्या दोघांनी तर आधीच सगळ्यांना देऊन टाकलंय म्हणता. मग तुम्ही परत विकत कशाला घेताय?"

व्यंकटराव म्हणाले, "फुकट मिळालेल्या गोष्टीवर सोसायटीचा हक्क कसा सांगता येईल?" नोटरींनी आम्हाला त्यांच्या माठातलं पाणी दिलं आणि पेला अर्धाच भरला.

परतीच्या वाटेवर व्यंकटरावांनी नवा डाव काढला. "तुम्ही गोड बोलता. मागच्या गल्लीत जा आणि त्या पोरीला मागणी मागं घ्यायला लावा. तिची मागणी नसेल तर आपसात चालवू." म्हणजे राजदूताचं काम! अपमानाच्या त्या दिवसांत एवढाही मान पुष्कळ होता.

मी गेलो. ज्ञानेश्वरी कामावर होती. मंजुळाबाई उंबऱ्यात बसलेली. तिच्यासमोर नळ, नळासमोर हंडे, कळश्या, एक तेलाचा डबा, एक पोराच्या आंघोळीचं घंगाळ, सगळे तोंड वासून ओळीनं बसलेले, पंगतीला वाढपी यायची वाट बघत असल्यासारखे. ती लसूण सोलत गुणगुणत होती. सूर ओळखीचा लागला. मी कान दिला.

जागी हो गं बाई, नळाला फुटला कंठ
मल्हारी माझा म्हणं, घागर भर काठोकाठ

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, तिथं 'विश्वजित म्हणे' आहे."

"कोन विश्वजित?"

"मी."

"आस्सं व्हय?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं कुनी देव हाय. पर मास्तर, ओवीतली नावाची जागा मोकळीच असती की. जी दळंल तिचं लेकरू तिथं. तुमी कवा दळण दळलं?"

हे मला ठाऊक नव्हतं का? हेच मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलोय. फळ्यावर लिहून देतो, आणि परीक्षेत हमखास विचारतो : 'ओवीतील नाम हे गाणारीचे असते, सोदाहरण स्पष्ट करा.' पण तो अभ्यासक्रम होता. ही माझी ओवी होती.

"तरी रचणाऱ्याचं नाव राहावं, असं नाही वाटत?" मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की. तुमचंच नाव घेते." लसणाची पाकळी तिनं ताटलीत टाकली. "मग पाणी बी तुमीच भरा माझं. मी कामाला जाते. काल नाय गेले, आज नाय गेले, आन पाण्याचा पत्ताच नाय. मुकादम म्हणतो, उद्या नाय आली तर दुसरी बघतो. बसता इथं? चहा ठिवते तुमाला, पर दूधच हाय तेवढं, पाणी नाय."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती हसत होती. आणि ते घंगाळ माझ्याकडे बघत होतं.

घरी आलो तेव्हा चारुता दार बंद करून बसलेली. मी बाहेरूनच म्हणालो, "घाल."

"कशात?"

"दह्यात."

दार उघडलं. मीनाक्षी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माझं नाव मात्र राहणार ना?" मी विचारलं.

"राहणार. लिहिणाऱ्यांची नावं पुसता येत नाहीत. त्या कालव्याच्या बाईंचं, कुत्र्याच्या काकांचं आणि तुमचं, तिघांची एका फाइलीत."

"ती फाइल कोण उघडतं?"

चारुता खोटं बोलत नाही. "कुणी नाही, बाबा."

घागर पुन्हा सुरू झाली. ज्ञानेश्वरीनं रचना नेली, यंत्र जोडलं आणि आईच्या नळाला चिंधीनं बांधलं. मंजुळाबाई कामावर जायला लागली. फोन वाजला की शेजारची आवडाबाई तिचे हंडे नळाखाली सरकवायची, आवडाबाई नसली तर दुसरी कुणी. सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं, आणि असं वाटलं की समजावं, पुढचा खड्डा जवळ आला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दाढी करत होतो. फोन वाजला. मीनाक्षीचा आवाज नव्हे. भारदस्त, खर्जातला, सरकारी :

जागी हो गं बाई, नळाला फुटला कंठ
व्यंकटराव म्हणे, घागर भर काठोकाठ

ज्या माणसानं मोकळेपणाला स्टॅम्प पेपर दाखवला, त्यानंच तो सगळ्यात आधी वापरला! अध्यक्ष म्हणून सोसायटीच्या सगळ्या फोनांवर आपलीच ओवी चढवली!

"चारुता!"

"परवानगी आहे, बाबा," ती आतून म्हणाली.

मी तोंडाला फेस तसाच ठेवून खाली धावलो. व्यंकटराव हौदापाशी उभे, चेहऱ्यावर कवीचं तेज.

"हे काय?"

"बदल केलाय. घ्यावे, उसवावे, शिवावे. तुमचेच शब्द."

"उसवलंत ते माझं नाव!"

"फाइलीत आहे की. मी बघितलं नाही, पण आहे म्हणतात."

"दुसरी ओळ पडली! 'विश्वजित'मध्ये चार अक्षरं आहेत, तुमच्यात पाच!"

"मोठ्या माणसाला जागा जास्तच लागते."

मग मी त्यांना ओवी म्हणजे काय, ते सुरुवातीपासून सांगायला घेतलं. ते मला प्रेशर म्हणजे काय, ते सांगू लागले. वरून बादल्यांचे आवाज येत होते, जिन्यातून बायका पळत होत्या, मीनाक्षी गॅलरीतून काहीतरी ओरडत होती. आम्ही दोघेही आपापल्या विषयात पारंगत, कुणी थांबेना. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून, मागच्या गल्लीतून, एकामागून एक फोन वाजू लागले. त्यांच्याही फाट्यावर पाणी आलं होतं. एकाच आवाजात, दहा दारांत. लसूण सोलता सोलता गावी तशी, मंजुळाबाईनं हसत हसत आधीच गाऊन ठेवलेली :

आलं की गं बाई पाणी माझ्या मल्हारीच्या दारी
मास्तर भांडत उभा, त्याची बादली बिचारी

व्यंकटराव आधी हसले. मग कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं. मग वरच्या सगळ्या गॅलऱ्या.

मी मात्र बोटं मोजली. अक्षर न् अक्षर जागेवर. ओवीत मी होतो, आणि मला काढून टाकायला कुणी तयार होईल, असं काही दिसेना.

"अहो मास्तर!" मीनाक्षी वरून ओरडली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं मला मास्तर म्हटलं. "बादली!"

मी पळालो.